विश्लेषण : दहा गोल खाल्लेला संघ, शाळामास्तर प्रशिक्षक आणि दहा वर्षांनी सुवर्णपदक… सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरच्या शंका किती खऱ्या होत्या?

संघ घसरला की आधी जुन्या प्रशिक्षकाची गच्छंती होते आणि मग नव्याची उलटतपासणी सुरू होते. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदी निवड झाली, तेव्हा चाहत्यांनी हेच केले. आदल्याच महिन्यात भारत जागतिक क्रमवारीत १३३व्या स्थानावर गेला होता. आधीचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी हैदराबाद एफसीला २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते, तरी भारतीय संघाकडून त्यांना निकाल काढता आले नाहीत. मग जे त्यांना जमले नाही ते जमील यांना कसे जमणार, बचाव करत लांब चेंडू मारण्याच्या खेळातून संघ पुढे कसा जाणार, असे प्रश्न विचारले गेले. या प्रश्नांना भारतीय फुटबॉलमध्ये एक जुने उत्तर आहे. ते सय्यद अब्दुल रहीम यांच्या आयुष्यात सापडते. धाराशिव जिल्हा ज्या राज्याचा भाग होता, त्याच राज्याच्या राजधानीत ते घडले.

घसरलेल्या संघाला नवा प्रशिक्षक तारतो का?

कधी कधी, आणि तेही अनपेक्षित ठिकाणी. फुटबॉल लीगमध्ये तळाला राहिलेल्या संघाला पुढच्या हंगामात खालच्या श्रेणीत पाठवले जाते. यालाच रेलिगेशन म्हणतात. क्रिकेटच्या आयपीएलमध्ये ही भानगड नसल्याने आपल्याकडे त्याची धास्ती फारशी कुणाला कळत नाही. खालच्या श्रेणीत गेले की प्रायोजक, प्रक्षेपणाचे पैसे आणि चांगले खेळाडू यांना एकदमच गळती लागते.

आपल्या जवळचे उदाहरण जमील यांचेच आहे. सात वर्षे त्यांनी मुंबई एफसीला आय-लीगमध्ये टिकवून धरले. २०१६ मध्ये क्लबने त्यांना काढले. त्याच सुमारास मिझोरामचा ऐझॉल एफसी नऊ संघांत आठवा येऊन खालच्या श्रेणीत गेला होता. नववा, म्हणजे शेवटचा, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स होता, पण थेट प्रवेश घेतलेल्या या संघाला रेलिगेशनपासून सूट होती. पुढे गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतल्यामुळे ऐझॉलला परत घेतले गेले. त्यांनी मुंबईतून काढलेला प्रशिक्षक आणला. जमील यांच्याबरोबर जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे खेळाडूही गेले. एप्रिल २०१७ च्या शेवटच्या दिवशी ऐझॉल भारताचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडला, तो पुन्हा उभा राहिलाच नाही.

पण ही एका हंगामाची गोष्ट झाली. एखादा संघ मुळापासून बदलायला किती काळ लागतो, त्या काळात प्रशिक्षकावर काय काय शंका घेतल्या जातात आणि त्यातल्या कोणत्या खऱ्या निघतात, हे पाहायचे तर रहीम यांच्याकडेच जावे लागते. त्यांचा संघ कोणत्या लीगमधून खाली गेला नव्हता, कारण तेव्हा देशपातळीवर लीगच नव्हती. तो गेला होता तो जगाच्या नजरेतून.

रहीम कोण होते? धाराशिवचा त्यांच्याशी संबंध काय?

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले आणि तिथल्या संघातून ते फुटबॉलही खेळले. हे विद्यापीठ १९१८ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने सुरू झाले आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले तेही याच निजामामुळे. ते आता बदलून धाराशिव झाले आहे. हैदराबाद संस्थानाच्या १६ जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषिक होते. परांडा किंवा तुळजापूरच्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचे तर त्याची वाट बहुधा हैदराबादकडेच जाई. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये.

रहीम पदवी घेऊन शिक्षक झाले. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा हैदराबादच्या शाळांमध्ये त्यांनी शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळांच्या खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खेळाडू म्हणून ते स्थानिक क्लबांमध्ये चांगले नाव असलेले, पण देशभर गाजलेले नव्हते. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. हे पद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

हा शाळामास्तरकीचा भाग त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक पुढचे सगळे त्यातूनच आले आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूने आलेल्या भारतीय सैन्याने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि १७ सप्टेंबरला संस्थानाने शरणागती पत्करली. धाराशिवच्या जुन्या पिढीच्या मनात निजामाच्या पोलिसांची जी आठवण आहे ती फुटबॉलची नव्हे. तरी त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हैदराबाद सिटी पोलीस हा संघ रहीम यांच्या हाती आला आणि त्याने मुंबईत कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स चषक जिंकला. १८९१ पासून चालत आलेली ही देशातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक होती. पोलिसांनी ती १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. दिल्लीचा ड्युरँड चषकही त्यांनी १९५० आणि १९५४ मध्ये नेला. पोलीस खात्याच्या पगारावर जगणाऱ्या खेळाडूंचा संघ मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या जमान्यात हे करत होता.

हेलसिंकीत नेमके काय झाले?

रहीम यांच्याकडे भारतीय संघही आला आणि सुरुवात झकास झाली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. इंडोनेशिया आणि अफगाणिस्तानला प्रत्येकी ३-० असे हरवून भारताने अंतिम सामन्यात इराणवर मेवालालच्या गोलने १-० अशी मात केली. शैलेन मन्ना कर्णधार होते. सुवर्णपदक मिळाले, देश नवा होता, कौतुकाला सीमा नव्हती.

पुढच्याच वर्षी १५ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. ब्रांको झेबेच या एकट्या खेळाडूने चार गोल केले. भारताचा एकमेव गोल अहमद खानचा. स्पर्धा संपली.

या निकालाकडे थोडे नीट पाहायला हवे. समोरचा संघ साधा नव्हता. त्याच युगोस्लाव्हियाने पुढच्या फेरीत सोव्हिएत संघाशी ५-५ अशी बरोबरी केली, फेरसामना जिंकला आणि शेवटी रौप्यपदक मिळवले. पण भारताचे दोष झाकण्यासारखे नव्हते. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अनवाणी भारतीयांनी फ्रान्सला जेमतेम १-२ असे जिंकू दिले होते आणि त्याचे केवढे अप्रूप झाले होते. त्यामुळे अनवाणी खेळणे ही उणीव नसून आपली खासियत आहे, असा समज पक्का झाला होता. शिवाय देशातले बरेच सामने ९० मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत. बाहेर गेल्यावर शेवटच्या टप्प्यात पाय ओढत खेळण्याची वेळ येई.

(१९५० च्या विश्वचषकाला भारत बूट नव्हते म्हणून गेला नाही, हा किस्सा दर चार वर्षांनी मोबाइलवर फिरतो. तो अर्धवट आहे. महासंघाला तेव्हा विश्वचषकापेक्षा ऑलिम्पिक मोठे वाटत होते, हे कारण अधिक वजनाचे.)

शंका कोणत्या होत्या?

२०२४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ‘मैदान’ चित्रपटात अजय देवगणने रहीम साकारले आहेत. त्यात त्यांना विरोध करणारे सगळे सरळसरळ खलनायक आहेत. चित्रपटाला ते सोयीचे असते. प्रत्यक्षात शंका घेणाऱ्यांमध्ये खेळ कळणारेही होते, आणि त्यांचे म्हणणे तीन ठिकाणांहून येत होते.

पहिले, कोलकाता. भारतीय फुटबॉलचे घर तेच होते. मोठे क्लब, सर्वांत जास्त प्रेक्षक आणि सर्वांत बोलके वृत्तपत्री लेखक तिथेच. राष्ट्रीय संघ निवडताना हैदराबादचा माणूस हैदराबादच्या खेळाडूंना झुकते माप देतो, हा आरोप तिथून सतत होत राहिला. त्यात तथ्य किती? रहीम यांच्या संघात हैदराबादचे खेळाडू बरेच असत, हे खरे. पण त्या वर्षांत रोव्हर्स कोण जिंकत होते, हेही पाहावे लागेल. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठच्या हंगामांत संतोष करंडक हैदराबादने जिंकला, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. ज्या गावात चांगले खेळाडू तयार होतात तिथूनच ते निवडले जाणार. तरीही प्रशिक्षक आणि त्या गावाच्या संघटनेचा सचिव एकच असेल, तर प्रश्न विचारणारा मूर्ख ठरत नाही. आजच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हटले असते.

दुसरी शंका त्यांच्या पूर्वायुष्याबद्दलची. मोठा खेळाडू नसलेला माणूस मोठ्या खेळाडूंना काय शिकवणार? ही शंका जगात सगळीकडे घेतली जाते आणि तिला फारसा अर्थ नसतो.

तिसरी खेळाच्या शैलीबद्दलची होती, आणि तीच सर्वांत गंभीर. भारतीय प्रेक्षकाला चेंडू पायाशी ठेवून दोघातिघांना चकवणारा खेळाडू आवडे. रहीम यांना चेंडू लवकर पुढे गेलेला हवा होता. बूट, कमी ड्रिब्लिंग, ठरलेल्या जागा आणि भरपूर धावणे. हे करताना आपल्या खेळातला जीवच जाईल, अशी भीती अनेकांना वाटत होती. तिला उत्तर द्यायला निकाल लागणार होते आणि हेलसिंकीनंतर निकाल त्यांच्या बाजूने नव्हता.

मग त्यांनी काय बदलले?

बूट हा बदल सर्वांना दिसणारा. हेलसिंकीनंतर महासंघाने ते सक्तीचे केले. पण अनवाणी वाढलेल्या खेळाडूच्या पायात बूट घालणे म्हणजे त्याला चेंडूचा स्पर्श नव्याने शिकवणे. त्याला काही महिने नव्हे, एक पिढी लागते.

म्हणून रहीम यांचे खरे काम राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात नव्हे, तर हैदराबादच्या शाळांच्या मैदानांवर चालले. त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरवल्या ज्यांत ड्रिब्लिंगला बंदी असे. चेंडू आला की तो द्यायचाच. दुसऱ्या काही स्पर्धांत फक्त कमजोर पायाने खेळायचे, म्हणजे उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने आणि डाव्याने उजव्याने. उंचीनुसार गट पाडलेल्या स्पर्धाही असत, म्हणजे लहान चणीचा पण हुशार मुलगा धिप्पाड मुलांच्या धक्क्याने बाजूला पडू नये. शाळेत वर्षानुवर्षे वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या अंगकाठीची मुले पाहिलेल्या माणसालाच हे सुचू शकते. एक अट घालायची आणि त्या अटीमुळे मुलाकडून हवे ते आपोआप करून घ्यायचे, ही यामागची युक्ती. सांगून सांगून जे होत नाही ते नियम बदलला की होते.

सिकंदराबादचा तुलसीदास बलराम त्यांच्या नजरेत भरला. घरची गरिबी इतकी की सरावाला हैदराबादेत यायचे तर भाड्याचे पैसे नव्हते. रहीम यांनी सायकल भाड्याने घेण्यासाठी त्याला पैसे दिले. हा मुलगा पुढे दोन ऑलिम्पिक खेळला.

राष्ट्रीय संघात त्यांनी खेळाची मांडणी बदलली. मधला आघाडीपटू प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ उभा न राहता मागे सरकायचा. त्याला अडवणारा बचावपटू त्याच्या मागे आला की तिथे मोकळी जागा तयार होई आणि बाजूचे खेळाडू त्यात घुसत. हंगेरीने नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले ते याच कल्पनेवर, आणि तो सामना जगभर गाजला. रहीम यांनी हा प्रयोग त्याच सुमारास भारतीय खेळाडूंबरोबर सुरू केला होता. १९५३ मध्ये रंगून येथे झालेली चौरंगी स्पर्धा भारताने जिंकली.

बूट आणि मांडणी दोन्ही एकाच काळात बदलले. प्रयोगशाळेत असे केले तर मार्गदर्शक वही परत करतात, कारण फरक नेमका कशामुळे पडला ते सांगता येत नाही. रहीम यांना एकेक गोष्ट बदलून पाहण्याची चैन नव्हती. त्यामुळे श्रेय बुटांना, मांडणीला की नव्या खेळाडूंना, हा वाद आजही मिटत नाही. मला स्वतःला तिसरे कारण सर्वांत मोठे वाटते.

शिवाय रस्ता सरळ नव्हता. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत भारत इंडोनेशियाकडून ०-४ असा हरून गटातच बाद झाला. हेलसिंकीनंतर दोन वर्षांनी भारतीय संघाचा आलेख पाहणाऱ्याला सुधारणा दिसली नसती.

मेलबर्नने शंका मिटवल्या का?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार फाळणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. धाराशिव आणि हैदराबाद यांचे सरकारी नाते तिथे संपले. त्याच महिन्यात मेलबर्नमध्ये ऑलिम्पिक सुरू झाले.

हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिली फेरी खेळावी लागली नाही. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. गोव्याच्या आसगावात जन्मलेल्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मुंबईच्या माणसाने हैदराबादी प्रशिक्षकाच्या संघातून, बंगालच्या समर बॅनर्जींच्या नेतृत्वाखाली ती केली.

उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया आला. पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धाच्या सुरुवातीला नेव्हिलने भारताला आघाडी मिळवून दिली. चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणाऱ्या संघाविरुद्ध भारत पुढे होता! ती आघाडी फार टिकली नाही. युगोस्लाव्हियाने काही मिनिटांतच चित्र पालटले आणि सामना १-४ असा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३ अशी हार झाली. भारत चौथा आला. भारतीय फुटबॉलची ऑलिम्पिकमधली ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

टीकाकारांकडे तरीही मुद्दा होता. पहिली फेरी न खेळता मिळाली, आणि चौथ्या क्रमांकाला पदक नसते. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत भारत पुन्हा चौथाच आला, तेव्हा हा मुद्दा आणखी जोरात मांडला गेला.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये रहीम तरुण संघ घेऊन गेले. पी. के. बॅनर्जी कर्णधार, सोबत चुनी गोस्वामी आणि बलराम. हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१ आणि पेरूकडून १-३. गटातून पुढे जाता आले नाही. मात्र एकाही सामन्यात भारताचा धुव्वा उडाला नाही. या संघात रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम होता. वशिल्याचा आरोप करणाऱ्यांना यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. वडिलांनी त्याला एकाही सामन्यात उतरवले नाही.

जकार्तात काय घडले?

१९६२ च्या आशियाई स्पर्धेसाठी संघ जकार्ताला गेला तो वातावरण बिघडलेले असताना. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर आशियाई क्रीडा महासंघातले भारतीय पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी या स्पर्धेला आशियाई स्पर्धा म्हणण्यावर हरकत घेतली. जकार्तात संतापाची लाट उसळली, जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला आणि मैदानात भारतीय खेळाडूंची हुर्यो उडवली जाऊ लागली.

त्यात पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. थायलंडला भारताने ४-१ असे हरवले, पण त्या सामन्यात भरवशाचा बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. जपानविरुद्ध तो नव्हता. तो सामना भारताने २-० असा जिंकला आणि उपांत्य फेरी गाठली.

आता प्रश्न होता जर्नेलचा. डोक्याला टाके असलेला बचावपटू चेंडूवर डोके घालू शकत नाही, आणि बचावात ते टाळता येत नाही. कोणताही प्रशिक्षक त्याला बाहेर बसवेल. रहीम यांनी त्याला आघाडीवर खेळवले. कॉलेजात असताना जर्नेल पुढच्या फळीत खेळलेला होता, हे त्यांच्या लक्षात होते. अरुण घोष यांनी बचावातली त्याची जागा घेतली. बाहेरून हा निव्वळ जुगार वाटला असेल. पण खेळाडूची जुनी माहिती असणे आणि ती योग्य दिवशी आठवणे, यात जुगारापेक्षा मास्तरकीचा भाग मोठा होता. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला. कर्णधार चुनीचे दोन गोल, एक जर्नेलचा.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायनच्या मैदानावर अंतिम सामना झाला. समोर पुन्हा दक्षिण कोरिया आणि भोवती सुमारे एक लाख प्रेक्षक, जवळजवळ सगळे विरोधात. भारताच्या बाजूने ओरडणाऱ्यांमध्ये पाकिस्तानचा हॉकी संघ होता. त्याच स्पर्धेत याच संघाने भारताला हॉकीच्या अंतिम सामन्यात हरवले होते. पहिल्या वीस मिनिटांत भारताने दोन गोल केले. आधी पी. के. बॅनर्जी, मग जर्नेल. तापातून उठलेला पीटर थंगराज गोलमध्ये उभा राहिला. गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको मधल्या फळीत होता. कोरियाने शेवटी एक गोल परत केला. भारत २-१ असा जिंकला.

पहिला सामना ज्या संघाकडून ०-२ असा हरला, त्यालाच दहाएक दिवसांत अंतिम फेरीत हरवणे, हे काही केवळ जोश चढवून होत नाही.

त्यांच्यानंतर काय?

त्याच वर्षी रोव्हर्स चषकही रहीम यांच्या संघाने, आता आंध्र पोलीस या नावाने, ईस्ट बंगालबरोबर विभागून घेतला. त्यांना कर्करोगाने गाठले होते. अखेरचे काही महिने अंथरुणात गेले आणि ११ जून १९६३ रोजी ५३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ एकदाही ऑलिम्पिक खेळलेला नाही. १९६२ नंतर आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालेले नाही. १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळाले, तेव्हा प्रशिक्षकांमध्ये पी. के. बॅनर्जी होते, म्हणजे रहीम यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस. त्यानंतर पदक नाही.

इथे रहीम यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांची पद्धत त्यांच्याबरोबर गेली. संघटनेचे सचिव, पोलीस संघाचे प्रशिक्षक, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आणि शाळांच्या स्पर्धांचे कर्तेकरविते तेच होते. सगळे एका माणसाच्या हातात असल्यामुळे कामे झाली, आणि त्याच कारणाने तो गेल्यावर थांबली. कोलकात्याच्या टीकाकारांनी हैदराबादी पक्षपाताऐवजी यावर बोट ठेवले असते, तर बरे झाले असते. लिव्हरपूलने १९५९ मध्ये दुसऱ्या श्रेणीत असताना बिल शँकली यांना आणले आणि पाचव्या वर्षी इंग्लंडचे विजेतेपद मिळवले. शँकली गेल्यावर त्यांचेच सहकारी बॉब पेस्ली यांनी तो संघ पुढे नेला. रहीम यांच्या मागे असा पेस्ली नव्हता.

खालिद जमील यांच्या वाट्याला पहिल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशिया चषकाची पात्रता गेली. नेमणुकीपासून तोवर अडीच महिने झाले होते. हेलसिंकीपासून मेलबर्नपर्यंत सव्वाचार वर्षे गेली होती.

रहीम हयात असताना देशात प्रशिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कारच नव्हता. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये. पुढे आय-लीगमधल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाच्या पुरस्काराला त्यांचे नाव दिले गेले. रोममध्ये बाकावर बसलेला त्यांचा मुलगा हकीम हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाला, आंतरराष्ट्रीय पंच झाला, प्रशिक्षकही झाला. २०१७ मध्ये त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २२ ऑगस्ट २०२१ रोजी गुलबर्ग्यात त्याचे निधन झाले. धाराशिवप्रमाणे गुलबर्गा हाही एकेकाळी निजामाच्या राज्यातला जिल्हा.